दिवसाची राखण

रानडुक्कर दिवसा येत नाही. आमच्याकडे हे लहान लेकरालाही माहीत असतं. मला ते फौजेतल्या माझ्या एका दोस्ताच्या, हवालदाराच्या बायकोनं सांगितलं, आणि सांगूनसुद्धा माझ्या डोक्यात शिरलं नाही. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून नायब सुभेदार म्हणून घरी आलेल्या माणसाची ही अक्कल.

हवालदाराची आणि माझी शेती चोरखमाऱ्याच्या तलावाखाली आहे. त्याच्या बांधी, म्हणजे धानाची खाचरं, थेट तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला लागून, माझ्या तिथून दोन शेतं सोडून. "आमच्या खापरपणजोबांनी या भागात तलाव बांधले," असं तो मला फौजेतही ऐकवायचा. आम्ही बौद्ध. त्याच तलावांची माती आमच्या वाडवडलांनी डोक्यावर वाहिली, असं मी त्याला ऐकवायचो. अशी आमची दोस्ती. हुद्द्यानं मी वर, शेतीनं तो.

निवृत्त झाल्यावर तो गोंदियाला एका बँकेत गार्ड म्हणून लागला. परवान्याची दुनळी बंदूक स्वतःची होती, त्यामुळे नोकरी पटकन मिळाली. एके दिवशी बाहेर रस्त्यावर ट्रकचं टायर फुटलं. त्यानं शटर खाली ओढलं, आतल्या सगळ्या गिऱ्हाइकांना फरशीवर पालथं झोपवलं आणि दाराकडे नळी रोखून बसून राहिला. पोलीस आले, बाहेरून बोलले, तेव्हा कुठे शटर उघडलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, पण कोणीतरी मोबाइलवर ते सगळं टिपलं होतं आणि तो व्हिडिओ गावोगाव फिरला. लोक पोट धरून हसले. मला हसू आलं नाही, कारण त्यानं जे केलं ते अगदी नियमानं केलं होतं. बाहेर शत्रू नव्हता, एवढीच चूक. नोकरी गेली. बंदूक जप्त झाली होती ती ओळखीपाळखीनं परत मिळाली, आणि त्या ओळखी काढणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होतो.

तेव्हा आम्हा माजी सैनिकांचा एक गट होता, अजूनही आहे. पाच-सहा जण, दर रविवारी तिरोड्याच्या रस्त्यावरच्या एका टपरीमागे बसतो. आमच्यातल्या एकानं घरच्या विहिरीत जीव दिला होता. त्याच्या तेरवीला जेवायला बसलो असताना एक जण ताटावरून उठला आणि म्हणाला, "आता पुढचा कोन, ते पाहत बसाचं आहे का आपल्याले?" हा माणूस फौजेच्या दवाखान्यात नर्सिंगचं काम करायचा. आम्ही त्याला डॉक्टरच म्हणतो, पण इथे घोटाळा नको म्हणून नर्सिंगवाला म्हणतो. गट त्यानं उभा केला आणि नियमही त्यानंच घातले. ज्याला त्रास आहे त्याच्याकडे दोघांनी जायचं, एकट्यानं नाही. तासाभराच्या वर बसायचं नाही. आणि रविवारी आधी स्वतःचं सांगायचं, झोप कशी आहे, राग किती येतो, स्वप्नं पडतात का, आणि मग दुसऱ्याचं.

स्वतःचं सांगायची पाळी आली की मी म्हणायचो, "सब ठीक." फौजेत पहाऱ्यावरच्या माणसाला कोणीही साहेब विचारो, उत्तर हेच असतं. ताप असला तरी हेच, घरी बाप मेल्याची तार खिशात असली तरी हेच. नर्सिंगवाला माझ्याकडे नुसता पाहायचा आणि पुढच्याकडे वळायचा. हवालदार तर रविवारी यायचाच नाही. त्याच्याकडे मी जाईन, असं मी अंगावर घेतलं होतं.

सप्टेंबरात धान निसवायला लागला, तसं आमच्याकडे राखणीचे दिवस आले. शेतात मचाण बांधून डुकरं हाकलायला बसायचं, यात नवल काहीच नाही, सगळेच बसतात. हवालदारानंही मचाण बांधलं. मी ते पाहिलं आणि खरं सांगतो, माझी छाती फुगली. अशी जागा निवडली होती की पाळ, रस्ता आणि सागाची झाडं तिन्ही एका नजरेत. खाली पोत्यांमध्ये माती भरून अर्धगोल रचलेला. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, गुडघ्याएवढ्या उंचीला तार ओढलेली आणि तिला रिकामे डबे टांगलेले. "बढिया मोर्चा बांधला," मी म्हणालो, आणि एका कोपऱ्यातलं पोतं थोडं आत सरकव, असा सल्लाही दिला. दुसऱ्या कोणीही ते पाहून आधी त्याला दवाखान्यात नेलं असतं. मी पोतं सरकवलं.

त्याच दिवशी मी निघालो तेव्हा त्याची बायको मागोमाग धुऱ्यापर्यंत आली. ती फार बोलणारी नाही. साडीवर नवऱ्याचा फौजेतला जुना हिरवा शर्ट चढवून, निंदणाच्या कामात दिवसभर वाकलेली असते.

"भाऊजी, डुक्कर दिवसा येते का जी?"

"नाही येत."

"मंग हे दिवसाभर मचानीवर कायले बसून राह्यते? रात्री डोळ्याले डोळा नाई, दिवसा डोळ्याले डोळा नाई. काल मी पानी घेऊन गेली त माह्याकडेच पाहून राहिले होते, नळीवरून." तिनं शर्टाची बाही ओढून हात पुसले. "ते बंदूक तेवढी घेऊन जा. बाकीचं मी पाहीन."

गोंदियाच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. एकदा कसाबसा त्याला घेऊन गेलो होतो तेव्हा त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पहले घर से बंदूक निकालो. दवाई बाद में." म्हणजे दोन माणसं, एक शिकलेला आणि एक न शिकलेली, मला एकच गोष्ट सांगत होती. ती बंदूक एक दिवस कोणावर तरी उठणार होती, आणि सगळ्यात जवळ होती ती ही बाई. पण सैनिकाच्या हातातलं हत्यार हिसकावून घ्यायचं माझ्या जिवावर आलं. त्याची उरलीसुरली इज्जत त्यातच आहे, असं मला वाटायचं. मला यापेक्षा चांगला उपाय सुचला होता. सुचला तेव्हा मी स्वतःवरच खूश झालो होतो.

उपाय असा. मोर्च्यावरची मशीनगन कोणा एकाची नसते. पहारा बदलला की जुना संतरी नव्या संतरीला ती सोपवतो, समोरच्या इलाक्याची माहिती देतो, आणि मग खुशाल जाऊन झोपतो. नवा संतरी आल्याशिवाय मात्र तो मेला तरी जागा सोडत नाही. हवालदाराला झोप का येत नव्हती? त्याची बदली यायची राहिली होती, एवढं साधं माझं गणित. तर मी बदली व्हायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी पाळीवरून चालत गेलो. वरून आवाज आला, "थम! कौन आता है?" मी थांबलो. हात वर केले. "बदली संतरी," म्हणालो. त्यानं मला ओळखीसाठी पुढे बोलावलं, मी गेलो, आणि मग मचाणावर उभं राहून त्यानं मला चार्ज दिला. सामने तलाव. दाहिने सागवान. बाएँ रस्ता. रात को तलाव की तरफ दो बार हरकत देखी.

इथे एखादा शहाणा माणूस म्हणाला असता, अरे, मासे धरणाऱ्या ढिवरांची डोंगी असेल. मी विचारलं, "किस जगह? कितना फासला?" त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी विसरणार नाही. इतक्या महिन्यांत कोणीतरी त्याच्यावर विश्वास ठेवला होता. मग मी हुकूम दिला, बंदूक खाली कर. त्यानं नळी बिजागरीवर मोडून उघडली आणि दोन्ही काडतुसं माझ्या हातावर ठेवली. उरलेल्या काडतुसांची डबी मी त्याच्या घरातून मागवून घेतली. राखीव दारूगोळा पोस्ट कमांडरकडे राहील, असं मी त्याला बजावलं, आणि रात्री फायर करायचा नाही हेही. "जी साहेब," म्हणाला तो. खाली शेतातल्या गवती खोपडीत जाऊन खाटेवर पडला, आणि पाच मिनिटांत घोरायला लागला. त्याची बायको दारात उभी राहून त्या घोरण्याकडे पाहत होती. तिचे डोळे भरून आले होते.

मी रोज जाऊ लागलो. अकरा ते तीन मी मचाणावर, तो खाटेवर. तीन वाजता त्याला रिकामी बंदूक परत. पंधरा-वीस दिवसांत तो माणसात आला. भात मागून घेऊ लागला, गोळ्या वेळेवर घेऊ लागला. एकदा तर त्या बँकेच्या व्हिडिओवर स्वतःच हसला. मी गावात कॉलर ताठ करून हिंडत होतो. डॉक्टरला जमलं नाही ते हुद्द्यानं केलं, असं मी दोन-चार ठिकाणी बोललोही.

नर्सिंगवाल्याला हे कळलं तेव्हा तो सायकल मारत माझ्या घरी आला. चहासुद्धा घेतला नाही त्यानं.

"एकटेच काऊन जाऊन राहिले, साहेब? नियम काय ठरला होता?"

"नियमानं तो झोपला असता का?"

"तो झोपून राहिला. तुमी चार-चार तास बंदूक घेऊन काय पाहून राहिले?"

"राखण."

"कोनाची?" त्यानं माझ्या शर्टाच्या खिशाकडे बोट दाखवलं. तिथे दोन काडतुसं होती. डबी घरी कपाटात होती, पण दोन मी सोबत ठेवायचो. "बंदूक रिकामीच ठेवाची आहे, त हे कायले?"

संतरी रिकाम्या खिशानं उभा राहत नाही, असं काहीतरी मी त्याला सुनावलं, आणि वर हेही की फौजेत बँडेज बांधणाऱ्यानं मोर्च्यावरच्या माणसाला शिकवू नये. हे बोलायला नको होतं. तो उठून गेला, आणि पुढचे तीन रविवार मी टपरीकडे फिरकलो नाही. राग माझ्या नाकावर आहे हे सगळा गाव जाणतो, पण त्या दिवसांत तो नाकावरून खाली उतरतच नव्हता.

आता सांगायला सोपं आहे. तेव्हा मला यातलं काहीच दिसत नव्हतं. पाळीवर बेशरमची झुडपं माजली होती, त्यानं नजर अडते म्हणून मी एका दुपारी कोयत्यानं ती साफ केली. शाळेची जुनी वही घेऊन तिच्यात हरकत, म्हणजे दिसलेली हालचाल, लिहायला लागलो. साडेअकरा, दोन माणसं डोंगीत. बारा दहा, मोटारसायकल, थांबली, परत गेली. एक वाजता बगळे एकदम उडाले, कारण कळलं नाही. हे मी हवालदाराला दाखवण्यासाठी लिहितो, म्हणजे त्याला धीर येईल, अशी माझी समजूत होती. खरं म्हणजे तो ती वही आताशा उघडून पाहतही नव्हता. एकदा म्हणाला, "राहू द्या न साहेब, ढिवर असतीन." मला त्याचा संताप आला. गाफील झाला, म्हटलं. घरी बायको म्हणाली, "तुमी झोपेत हुकूम सोडून राहिले." तिलाही मी गप्प केलं. अकराऐवजी मी नऊला जायला लागलो.

ऑक्टोबरातली ती दुपार. ऊन चकचकीत, धान पिवळा पडायला लागलेला, वारा नाही. तलावावर एकही डोंगी नव्हती आणि मला ते आवडलं नव्हतं. हवालदार खाली झोपलेला. हवालदाराची बायको डबा घेऊन रोज समोरच्या धुऱ्यानं यायची. त्या दिवशी शेजारच्या शेतकऱ्यानं बांधीतलं पाणी काढून दिलं होतं आणि धुऱ्यावर चिखल झाला होता, म्हणून ती वळसा घालून मागच्या पायवाटेनं आली. हे मला नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच, की माझ्या पाठीमागून, जिथून कोणी यायला नको तिथून, हिरव्या शर्टातलं कोणीतरी डोक्यावर गाठोडं घेऊन येत आहे.

"थम!"

ती थांबली नाही. हे ओरडणं ती रोज ऐकायची. तिच्या लेखी तो आम्हा दोघांचा खेळ होता, तिच्या नवऱ्याला झोपवायचा.

"थम! हाथ ऊपर!"

एक हात गाठोड्याला होता. तो तिनं काढला नाही. आता ती थांबली, कारण मी खांद्याला बंदूक लावली होती.

"भाऊजी, मी आहो. डबा आनला जी."

मी तिचा आवाज ओळखला. हे मला नीट सांगायचं आहे, कारण नंतर पुष्कळांनी मला पळवाट काढून दिली की ऊन डोळ्यावर असेल, शर्टामुळे घोटाळा झाला असेल. नाही. तिचा चेहरा मला दिसत होता, आवाज कळत होता, ही हवालदाराची बायको आहे हे मला माहीत होतं. तरी नळी खाली येईना. डोक्यात एकच होतं की गाठोड्यात काय आहे ते दिसत नाही. माझं बोट घोड्यावर होतं.

हवालदार खोपडीतून बाहेर आला तो अनवाणी, बनियनवर. तो धावला नाही, ओरडला नाही. शिडीनं वर चढला आणि माझ्या डाव्या बाजूला, दोन पावलं मागे, सावधानमध्ये उभा राहिला.

"बदली संतरी हाजिर है, साहेब."

माझी नजर गाठोड्यावरच होती.

"चार्ज दीजिए."

"पीछे एक आदमी," मी म्हणालो. "सिर पर गठरी."

"देखा. फासला चालीस कदम. अब मेरा इलाका है." त्याचा आवाज अगदी सपाट होता. "बंदूक."

मी बंदूक दिली. कशी दिली ते मला ठाऊक नाही, पण बदली आली की द्यायची असते, म्हणून हातांनीच ती दिली असावी. त्यानं ती घेतली, नळी तलावाकडे वळवली आणि मोडली. मला पक्की खात्री होती की ती रिकामी आहे. इतके दिवस रोज मीच ती रिकामी असल्याचं पाहून घेत होतो, काडतुसं माझ्याच ताब्यात होती. त्यानं नखानं ओढून दोन काडतुसं बाहेर काढली आणि तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरली. मी शर्टाच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता.

ती मी कधी भरली ते मला आजही आठवत नाही. त्याच दिवशी भरली, की आधीपासून रोज येताच भरत होतो आणि तीन वाजता काढत होतो, तेही सांगता येत नाही. वही लिहिणाऱ्या माणसानं हे मात्र कुठे लिहिलं नव्हतं.

माझ्या नोकरीतली एक गोष्ट आहे, ती मी चाळीस रविवार दाबून ठेवली होती. वर पहाडात एका चौकीवर मी पहाऱ्यावर असताना एक माणूस गाठोडं घेऊन आला. म्हातारा वाटला, ओळखीचा वाटला, म्हणून मी त्याला तपासायला थांबवलं नाही. पुढे चौकीत काय झालं ते मी लिहिणार नाही. त्यात माझे दोन जवान गेले, आणि मला कोणी काही बोललं नाही, कारण मी चौकशीत सांगितलं की तो दुसऱ्या वाटेनं आला असावा. हे मी पहिल्यांदा बोललो ते त्या दुपारी मचाणावर, हवालदारापुढे. तो ऐकत बसला. त्यानं मला पाणी दिलं. त्याची बायको अजून पायवाटेवरच उभी होती, गाठोडं डोक्यावर तसंच. तिला गाठोडं खाली ठेव म्हणायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.

बंदूक त्याच दिवशी संध्याकाळच्या आत पोलीस ठाण्यात जमा झाली. काडतुसांची डबी माझ्या कपाटातून मीच काढून दिली. मचाणाच्या खालची पोती त्यानं फोडून माती बांधीत टाकली. आता आम्ही दोघं गोंदियाला एकाच बसनं डॉक्टरांकडे जातो. आधी त्याचा नंबर असायचा, आता माझा आधी लागतो, कारण मला जास्त वेळ लागतो. नर्सिंगवाल्याची मी माफी मागितली. त्यानं ती घेतली, आणि रविवारी माझी पाळी आली की तो अजूनही तसाच पाहतो, फक्त आता तो पुढच्याकडे वळत नाही. मीही बोलतो. सगळं बोलतो असं नाही.

हवालदाराच्या बायकोनं हे कोणाला सांगितलं नाही. माझ्या बायकोलासुद्धा नाही. सणावाराला डबा पाठवते, लाखोरीची डाळ शिजवली की वाटीभर माझ्यासाठी काढून ठेवते. पण मी शेतात असलो की ती लांबूनच थांबते. "भाऊजी, मी येऊन राहिली," म्हणून आवाज देते आणि मी "या" म्हणेपर्यंत पाऊल पुढे टाकत नाही. हातात जे असेल ते खाली ठेवते, दोन्ही तळहात माझ्याकडे करून दाखवते, आणि मग सामान उचलून येते. वहिनी, असं करू नका, बंदूक राहिली नाही आता, असं मी तिला कितीदा तरी सांगितलं आहे. हो म्हणते ती. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात दाखवते.